कुजबुज आणि तिचा दादा

तिला सगळे ‘कुजबुज’ म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. आमच्या वसाहतीच्या नाटकमंडळात ती प्रॉम्प्टर होती. विंगेत मोडक्या स्टुलावर बसायचं, विसरलेलं वाक्य नटाच्या कानापर्यंत पोचवायचं आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचू द्यायचं नाही. मी जन्मभर कॉलेजात घसा फोडून शिकवलं, शेवटच्या बाकापर्यंत काही गेलं नाही. ही नुसती कुजबुजायची आणि बरोबर जिथे पोचायचं तिथे पोचायचं.

तिचा थोरला भाऊ आमचा नायक. उंच, देखणा, आवाज असा की पंखे बंद असले तरी वारा सुटावा. पाठांतराच्या नावानं मात्र पहिल्यापासून बोंब. ‘धाकटी आहे ना विंगेत!’ म्हणून हा तालमीला चहा प्यायला आल्यासारखा यायचा. भावजय गेल्यावर घरही धाकटीनंच सांभाळलं. लग्न तिनं केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

मग बैठी घरं पाडून टॉवर उभे राहिले. आमचं पत्र्याच्या छपराचं नाट्यगृह गेलं आणि एका टॉवरच्या पोटात नवं सभागृह आलं. गुबगुबीत खुर्च्या, भिंतींना गाद्या ठोकल्यासारखं काहीतरी, छतातून लोंबणारे माईक. सकाळी तिथे व्यायाम, दुपारी मुलांचे नाचाचे क्लास, संध्याकाळी कुणाकुणाचे वाढदिवस. नाटकाला वर्षाचा एक रविवार, तोही ‘ज्येष्ठांसाठी उपक्रम’ म्हणून. मला त्या शब्दाचा संताप येतो. आम्ही उपक्रम नव्हतो. आम्ही नट होतो. वाईट असू, पण नट.

त्या वर्षी दादा घराचा रस्ता विसरला. बूट हातात घेऊन भलत्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये उभा सापडला. वॉचमननं दादाच्या मुलाला फोन केला. मुलगा दूरच्या शहरात, कामाचा, सरळ माणूस. त्यानं आत्याला कळवलं, बाबांना आता एखाद्या संस्थेत ठेवू या, घर देऊन टाकू.

हे तिनं मला जिन्यात सांगितलं, कठड्याला धरून.

‘मग तू काय म्हणालीस?’

‘म्हटलं, त्याचं नाटक आहे पुढच्या महिन्यात. डोकं गेलेला माणूस मुख्य भूमिका करतो का रे?’

‘आणि तो?’

‘म्हणाला, मी येऊन बघतो. नीट झालं तर विषय बंद.’

‘अगं, पण होणार आहे का नीट?’

‘थोडं विसरतो, एवढंच. मी आहे ना!’

आता ‘मी आहे ना’ म्हणायला ती विंगेत असायला हवी. समितीची नवी सेक्रेटरी टॉवरमधली, वयानं माझ्या नातीएवढी आणि उत्साह अंगातून सांडणारा. ती म्हणाली, ‘काकू, प्रॉम्प्टिंग अजिबात नको हं. हे माईक झुरळाची पावलं पकडतात. तुमची कुजबुज सगळ्या हॉलभर ऐकू येईल.’

कुजबुज गप्प बसली. ती गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय. दादाला ऐकू कमी यायचं. मुलानं पाठवलेलं कानातलं यंत्र फोनला जोडता येत होतं. तिनं स्टेजमागची कपड्यांची कोठी गाठली. दार लावून, जुन्या कोटांच्या आणि शालींच्या ढिगात बसून फोनवर कुजबुजायचं, की थेट दादाच्या कानात. स्टेज दिसत नव्हतं, पण नाटक तिला तोंडपाठ होतं. तालमीत दादाचं एकही वाक्य चुकलं नाही. सेक्रेटरी टाळ्या वाजवत म्हणाली, ‘बघा, उगाच घाबरत होतात!’

प्रयोगाला मुलगा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. दादा निवृत्त न्यायाधीश, मी त्याची बायको. पहिला अंक लोण्यासारखा गेला. दुसऱ्यात मी विचारते, ‘तुम्ही त्याला कधी माफ करणार?’ त्यावर त्याचं लांबलचक भाषण आहे. तेवढ्यात कोठीतून भिंतीआडून मला ठसका ऐकू आला. त्या कपड्यांना धूळ काय कमी!

लगेच दादा ठसकला. हुबेहूब तसाच.

लोक खुदखुदले. मग तो माझ्याकडे वळला आणि छाती भरून, त्या सुंदर आवाजात म्हणाला, ‘अगं बाई, फोन चालूच आहे!’

हशा.

‘थांब दादा, हे नको म्हणूस!’ हेही त्यानंच म्हटलं.

हॉल कोसळायचा बाकी. पहिल्या रांगेत मुलगा डोळे पुसत हसत होता. माझा हात दादाच्या हातात होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो गडबडला नव्हता, त्याला हसू आलं नव्हतं, लोक का हसतात हेही त्याला पडलं नव्हतं. दिवे लावून ठेवलेलं घर, आणि आत कुणी राहत नाही. मग कोठीत तिला खरं वाक्य सापडलं असावं. दादानं न्यायाधीशाचं भाषण सुरू केलं, आणि इतकं उत्तम केलं की लोकांनी रुमाल काढले. मी पुढचा अंक कसा केला ते विचारू नका.

पडदा पडल्यावर सेक्रेटरी धावत आली. ‘काका, काय टायमिंग! पुढच्या वर्षी तुम्हीच!’

मागून मुलगा आला. ‘बाबा, भर नाटकात चेष्टा? तो वॉचमन मूर्खच आहे! मला ओळखलंत ना?’

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मुलाच्या पाठीमागे, कपड्यांच्या दांडीआड, कुजबुज उभी होती. फोन ओठांशी.

‘ओळखलं रे सोन्या,’ दादा म्हणाला.

मुलगा त्याच्या गळ्यात पडला. विषय बंद झाला.

तिला हवं होतं ते तिला मिळालं. घर राहिलं, दादा घरात राहिला. काही महिन्यांनी मी गेले तेव्हा ती वाळून काटकी झाली होती. दादाला आता आंघोळ घालावी लागायची, घास भरवावा लागायचा, अंथरूण रोज धुवावं लागायचं. मदतीला माणूस पाठव म्हणून तिनं मुलाला फोन केला होता. तो म्हणाला, आत्या, तू थकली आहेस, जरा विश्रांती घे, बाबा ठणठणीत आहेत. मग मी फोन केला. मला कुणाची भीती नाही.

‘काकू,’ तो हसत म्हणाला, ‘पहिल्या रांगेत बसून पाहिलंय मी!’

मी त्याला खरं सांगितलं. कोठी, फोन, सगळं. तो म्हणाला, ‘आत्यानं तुम्हाला हे बोलायला लावलं का?’ माझ्याही तोंडी तिनंच वाक्यं घातली, असं त्याला वाटलं.

मी फोन ठेवला. ‘तूच सांग त्याला,’ मी तिच्यावर ओरडले. ‘सांग, मी खोटं वागले म्हणून!’

तिनं मान हलवली. दादाच्या कानातल्या यंत्राला जोडलेला फोन तिच्या गळ्यात लोंबत होता, चालूच. ‘सांगितलं,’ ती पुटपुटली. ‘पटत नाही त्याला.’

आतल्या खोलीतून, भरदार, खणखणीत आवाज आला: ‘सांगितलं. पटत नाही त्याला.’

ती भिंतीला टेकली. दिवसभर असंच चालायचं, हे मला तेव्हा कळलं. ती जे म्हणेल ते तो म्हणणार. जेव, पाणी पी, अरे मी तुझी धाकटी.

निघताना मी दारात म्हटलं, ‘येते गं. उद्या डबा आणते.’

तिनं तोंड उघडलं, आतल्या खोलीकडे पाहिलं आणि मिटलं. हातानंच मला जा म्हणाली.