आईच्या गुलाबाच्या चार काड्या

कोरफड कापली की तिच्या कडवट वासाने मला त्या काड्या आठवतात. थोरल्या भावाने मला न विचारता घर विकलं, तेव्हा अंगणातल्या आईच्या गुलाबाच्या चार काड्या मी भांडून कापून आणल्या आणि मुळं फुटावीत म्हणून कोरफडीचा गर लावून कुंडीत खोचल्या. पुढे नव्या मालकाने ते झाडच उपटलं. माझ्या तीन काड्या वाळल्या, तसा मी देवास गेटजवळच्या नर्सरीवाल्यावर बरसलो, "कैसी मिट्टी दी? रोज निकालके देखता हूँ, एक जड़ नहीं!" तो हसला, "बाबूजी, रोज उखाड़ोगे तो जड़ क्या ख़ाक पकड़ेगी?" चौथी काडी बायकोने महिनाभर माझ्यापासून लपवली, म्हणून जगली आणि तिचं झाड झालं. परवा भावाने त्या झाडाची एक काडी मागितली. मी अजून हो म्हटलेलं नाही.