एकाच आडनावाचे दोन गळे

इंदूरच्या तुकोगंजातल्या दवाखान्यात परवा नंबर लावून बसले होते. आतून आमचं आडनाव पुकारलं गेलं आणि माझ्याबरोबर समोरचे एक अनोळखी गृहस्थही उठले. दोघंही ओशाळून हसलो. "पहले आप," मी म्हटलं. ते आत गेले आणि माझं मन ‘जुनी इंदूर’ मोहल्ल्यात, लग्न होऊन आले त्या घरात जाऊन पोचलं.

माझे सासरे गाणं शिकवायचे. आम्ही त्यांना बाबा म्हणत असू. मितभाषी, शिस्तीचे, सुराच्या बाबतीत कोणाचीही भीड न ठेवणारे. दोन गल्ल्या सोडून आमच्याच आडनावाचे आणखी एक कलावंत राहत. मिलमध्ये मागावर कामाला आणि सणासुदीला नकला करणारे. सारा मोहल्ला त्यांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणे. कोकिळा, बैलगाडीची करकर, मिलचे साहेब, सगळं त्यांच्या गळ्यात होतं. शेवटी मिलचा भोंगा. तो ते असा काढत, की म्हातारी माणसं सवयीनं घड्याळाकडे बघत. आमचं त्यांच्याशी नातं काहीच नव्हतं, पण टपाल हमखास चुकायचं. "नकला करणारे ते तुम्हीच का?" असं कोणी विचारलं, की बाबांचा दिवस नासायचा. भियांची पत्रं ते "पत्ता चुकला" असं लिहून पोस्टमनकडे परत देत. दोन गल्ल्या चालून कधी गेले नाहीत.

मग मिल बंद झाली. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत माणसं फाटकापाशी जात आणि जेवणवेळेला मुकाट घरी परतत. बाजारात मात्र रंगीत टीव्ही आणि नवनव्या वस्तूंची झगमग वाढत होती. त्या वर्षीच्या गणपतीत भियांनी नेहमीसारख्या नकला केल्या. हशा झाला, टाळ्या झाल्या. शेवटी त्यांनी भोंगा काढला आणि मांडव एकदम गप्प झाला. पुढच्या सतरंजीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. भियांचा आवाज मधेच तुटला. हात जोडून ते खाली उतरले, आणि त्यानंतर कोणी कितीही आग्रह केला तरी उभे राहिले नाहीत.

काही महिन्यांनी देपालपूरच्या एका शाळेचं आमंत्रण आलं. भियांसाठी, पण आमच्या पत्त्यावर. बाबांनी ते दोनदा वाचलं, कोट चढवला आणि म्हणाले, "चल सूनबाई, घर दाखव."

भिया ओट्यावर बसले होते. पत्र बघून म्हणाले, "अब कुठली नक्कल, बाबूजी? आवाजच नाही निघत. गला सूख गया."

"गळा सुकत नाही," बाबा म्हणाले. "वापरला नाही की बसतो. उद्या सकाळी सातला या. चहा आमच्याकडेच घ्या."

भिया आले. कितीतरी दिवस बाबांनी त्यांच्याकडून नुसता षड्ज लावून घेतला. स्वयंपाकघरात मला तो ऐकू येई. आधी थरथरता, जुन्या धोतरासारखा विरलेला, मग हळूहळू भरत गेलेला. एका सकाळी बाबा म्हणाले, "आता भोंगा काढा."

"नको बाबूजी. लोकं रडतात."

"रडू द्या की. काढा."

भियांनी डोळे मिटले. बाबांची बोटं पेटीवर तो सूर शोधत राहिली, सापडल्यावर तिथेच थांबली. मी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिले. नकलांना आयुष्यभर हलकं म्हणणारे बाबा उपरण्यानं डोळे टिपत होते.

देपालपूरला बाबा स्वतः पेटीच्या साथीला गेले, मीही बरोबर होते. "ये दोनों भाई…" अशी मास्तरांनी ओळख करून द्यायला सुरुवात केली, तेव्हा आता बाबा त्यांना अडवणार म्हणून मी धास्तावले. बाबांनी नुसता पेटीचा भाता उघडला.

पुढे कितीतरी वर्षं भिया शाळाशाळांतून कार्यक्रम करत राहिले. बाबा गेले तेव्हा माझ्या नवऱ्याशेजारी बसून त्यांनीही केस उतरवले. "तुम्हाला सुतक नाही लागत, भिया," हे म्हणाले. "लागतं," एवढंच बोलून ते दहा दिवस आमच्याकडे सतरंजीवर झोपले.

त्या काळाविषयी बोलताना लोक काय काय बंद पडलं ते सांगतात, आणि ते खरंच आहे. मला मात्र आमच्या ओसरीवरच्या त्या सकाळी आठवतात. सगळं शहर काहीतरी गमावत असताना उतारवयाची दोन माणसं समोरासमोर बसून एक सूर जमवत होती, आणि तो जमला होता.