एका बोटाचा लॅपटॉप

ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला की बाकीचे त्याचा स्क्रीन बघायचे. पद्माक्का त्याला कान लावायच्या. डोळे मिटून क्षणभर ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या, "फार धापा टाकतंय गं हे. काम कमी, ओझंच जास्ती." मग ते ओझं उतरवेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी पुण्याहून बंगळूरला आले आणि इंदिरानगरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात नोकरीला लागले. तिथली सगळी यंत्रं पद्माक्कांच्या ताब्यात होती. पन्नाशीच्या, वेणीत अबोलीचा गजरा, हातात स्क्रूड्रायव्हर. घराणं कैक पिढ्यांपूर्वी कर्नाटकात उतरलेलं, त्यामुळे मराठीला कन्नडची फोडणी. पहिल्याच दिवशी मी घाईघाईने काही विचारलं, तर म्हणाल्या, "स्वल्प थांब की गं. पुण्यात सगळ्यांची गाडी चुकत असते काय?"

"एष्टु बेको अष्टे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जेवढं हवं तेवढंच. मुळात ते त्यांच्या वडिलांचं, अण्णांचं. अण्णा तार खात्यातून निवृत्त झालेले. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून लोकांचे लांबलचक मजकूर ते खिडकीतच छाटून द्यायचे, आणि घरातही तसेच तारेसारखे बोलायचे. जेवण आवडलं तर "बरं", फारच आवडलं तर "वाढ".

त्या अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. हातापायांत उजव्या हाताचं एक बोट तेवढं हुकमात राहिलं. मी जयनगरला त्यांच्या घरी गेले तेव्हा अण्णा पाणी मागतायत की पंखा लावायला सांगतायत, यावर घरात चौघांचे चार तर्क चालले होते. शेवटी अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. स्वयंपाकघरात अक्का म्हणाल्या, "डोकं शाबूत आहे गं त्यांचं. बहिरे आम्ही झालोय. हे असंच भिंतीकडे बघत राहिले ना, तर आतल्या आत संपून जातील." त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ऑफिसने मोडीत काढलेला एक लहानसा लॅपटॉप अक्का साहेबांना विचारून घरी घेऊन गेल्या. अण्णांनी एकाच बटणावर तारेच्या सांकेतिक लिपीतलं कडकट्ट करायचं आणि पडद्यावर अक्षरं उमटायची, अशी त्यांची कल्पना. पण त्या दुबळ्या यंत्राच्या डोक्यावर आधीच इतकं सॉफ्टवेअर बसलं होतं की अण्णांचं बोट पुढे जायचं आणि अक्षर मागून लंगडत यायचं. मधले ठोके तर गळूनच पडायचे. अण्णांनी एकदोनदा करून पाहिलं आणि बोट आखडून घेतलं.

मग अक्कांनी ते सगळं पुसून फ्लॉप्यांवरून लिनक्स नावाची फुकटची, हवी तेवढी छाटता येणारी प्रणाली चढवली. तेव्हा आमच्याकडे लिनक्स म्हणजे कॉलेजच्या पोरांचा नाद समजला जाई. लॅपटॉप पिशवीतून ऑफिसात यायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत अक्का मेथी निवडावी तशा त्यातल्या नको त्या गोष्टी निवडून टाकायच्या. चित्रं नकोत, खिडक्या नकोत, माउस नको. मी आपली हौसेने सुचवायची, रंग घालू या, अण्णा बोलतील ते साठवायची सोय करू या. "साठवून काय करायचंय? एष्टु बेको अष्टे." एक आवाज मात्र त्यांनी ठेवला, प्रत्येक ठोक्याला टिक्. म्हणाल्या, "तारवाला कानाने वाचतो." यंत्रांना कान लावायची सवय कुठून आली ते मला तेव्हा कळलं.

सगळं जमून आलं ते नेमकं आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. आयुधपूजेला तिकडे घरातली हत्यारं-अवजारं पुजतात आणि पुजलेल्या वस्तूला दिवसभर कामाला लावत नाहीत. अण्णांचा हा नियम एवढा कडक की विळीला कुंकू लागलं की घरात भाजी चिरली जात नसे. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्सुकतेने गेले, तर लॅपटॉप शिलाई मशीन आणि सायकलीच्या रांगेत बसलेला, झाकणावर कुंकू आणि झेंडू. पलंगावरून अण्णांची नजर त्याच्यावर खिळलेली.

"अण्णा, आज राहू दे," अक्का म्हणाल्या. "नियम तुमचाच आहे. उद्या बोलू की."

अण्णांनी ते एक बोट वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. अक्कांनी त्या बोटाकडे पाहिलं, झेंडू बाजूला केला आणि लॅपटॉप सुरू करून त्यांच्या हाताशी आणून ठेवला. टिक्, टिक्टिक्. काळ्या पडद्यावर इंग्रजी लिपीत पांढरी मराठी अक्षरं एकेक करून उभी राहिली: तार ऑफिसला सुट्टी नसते.

अक्का हसता हसता रडायला लागल्या. तोवर दुसरं वाक्य आलं: कॉफीत साखर कमी. रोजच.

त्यानंतर अण्णांना वाचाच फुटली. जन्मभर शब्द छाटलेला माणूस एका बोटाने अघळपघळ बोलू लागला. चटणीतल्या मिठापासून देवनहळ्ळीच्या तार ऑफिसात घुसणाऱ्या माकडांपर्यंत कुठलाच विषय त्यांना वर्ज्य नव्हता. "काल संध्याकाळभर सासुरवाडीला नावं ठेवत होते गं. उठू देईनात," अक्का ऑफिसात येऊन तक्रार करायच्या. पण चेहरा असा फुललेला असायचा की कुणी सांत्वन करायच्या भानगडीत पडत नसे.

पुढच्या उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या सुमाराला अण्णा गेले. मी भेटायला गेले तेव्हा लॅपटॉप खिडकीत बंद करून ठेवलेला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, तेव्हा साठवायची सोय ठेवली असती, तर आज त्यांचं सगळं बोलणं आपल्याकडे राहिलं असतं."

"मलाही वाटलं गं. पहिले काही दिवस फार वाटलं." त्या झाकणावरून हात फिरवत राहिल्या. "पण साठतंय असं माहीत असतं ना, तर मी म्हटलं असतं, सरी, बरं, भाजी चिरून होऊ दे, मग सावकाश वाचते. साठत नव्हतं, म्हणून समोर बसून ऐकलं."