चौथं अक्षर

हार्डडिस्कला वायर जोडली की ते डोळे मिटून तिच्यावर कान टेकवायचे. आतली घरघर ऐकायची, मान हलवायची आणि म्हणायचे, "वय नका इचारू, काम इचारा."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, बंद पडलेली वस्तू दिसली की ज्याला जेवणाची आठवण राहत नाही. ज्यांना मी भाऊ म्हणायची, ते तसे होते. संग्रामपूरच्या बाजारात रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे. कॉम्प्युटर स्वतःच पुस्तकं वाचून शिकलेले.

सोनाळ्याच्या शाळेत मी खिचडी शिजवायची, खोल्या झाडायची. शहरातल्या कुठल्याशा कचेरीने टाकलेले नऊ कॉम्प्युटर शाळेला मिळाले होते. दोन वर्षं ते तांदळाच्या पोत्यांशेजारी पडून होते, एकही सुरू होत नव्हता. शेवटी हेडसर म्हणाले, शनिवारी भंगारवाला येईल, खोली मोकळी करा. माझी थोरली तेव्हा आठवीत होती. कॉम्प्युटर शिकायचा तर एसटीने संग्रामपूरला जावं लागे. तिचे वडील म्हणाले होते, "पाहू." आमच्याकडे पाहू म्हणजे नाही.

त्याआधी एकदा मशीनी पाहून घ्यायला मंगळवारी भाऊ लुनावर आले. हेडसरांनी विचारलं, "सगळीकडे असते ती सिस्टीम टाकणार ना?"

"ते जेवन भारी हाय सर. या म्हाताऱ्यांच्यानं भाकर चावत नाई, यायले कण्या पायजे," असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक सीडी काढली. त्यात कुठलीशी लहान सिस्टीम होती. तिचं नाव हेडसरांनीही कधी ऐकलं नव्हतं.

"शनिवारपर्यंत नाही झालं तर?"

"तं भंगारवाल्याले मीच उचलू लागतो."

मी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसे. परक्या पुरुषाशी बोलायचं म्हटलं की मी मान खाली घालून कामाला लागे. त्यांनीच पहिल्या दिवशी मला एका पडद्यासमोर बसवलं. स्वतः ते दुसऱ्या मशीनच्या पोटात डोकं घालून होते.

"मले इंग्रजी येत नाई, भाऊ. चौथी शिकली मी."

"वाचू नका, मोजा. सुरू व्हताना चार अक्षरं येतात. चार आले तं जितलो. दोनावर थांबलं तं मले सांगजा."

पडदा काळा व्हायचा. मग पायाशी वाकलेली एक काठी यायची, तिच्याशेजारी एक सरळ काठी, आणि पुढे काहीच नाही.

"दोन," मी म्हणायची.

"अजून एकदा."

"दोनच, भाऊ."

मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारी दुपारी लाइट गेली. माझ्या तोंडून दोन हा आकडा ते इतक्या वेळा ऐकून बसले होते, की शेवटी मी नुसती दोन बोटं दाखवू लागले.

शुक्रवारी त्यांनी डबा उघडलाच नाही. मशीनशीच बोलत बसले. "तुले दूरचं दिसत नाई व माय. डिस्क एवढी मोठी, आन् तुले उठवनारी फाइल पडली पार मांगं. तुह्या नजरेत येईन कशी?"

मी सुपातल्या तांदळाकडे पाहत म्हणाले, "मंग ते दारातच ठेवा ना. माह्या सासूले दिसत नव्हतं, तं तिचा तांब्या मी खाटेपाशीच ठेवो. मांगच्या खोलीत काऊन ठेवा?"

त्यांचा हात थांबला. "काय म्हनलं?"

मी पुन्हा तांदूळ निवडू लागले. पण त्यांनी ऐकलं होतं. सगळी डिस्क त्यांनी पुसली, तिच्या अगदी पुढच्या भागात एक चिमुकली खोली पाडली, उठवणारी फाइल तिथे ठेवली आणि बाकीचा पसारा मागे टाकला. मग मला म्हणाले, "मोजा, बाई."

वाकलेली काठी आली. सरळ काठी आली. मी बोटं वर करणार, तोच आणखी एक वाकलेली काठी आली, आणि तिच्यामागे एक गोल.

"चार," मी म्हणाले.

"किती?"

"चार, भाऊ. चौथा गोल हाय."

ते धावत आले नाहीत. भिंतीला टेकून खाली बसले आणि डबा उघडला. "आता भूक लागली," म्हणाले. अर्धी भाकर त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

शनिवारी भंगारवाला आला तेव्हा आठ पडदे उजळलेले होते. नवव्याची डिस्क खरंच गेलेली होती, तेवढीच त्याला मिळाली. तोही जायचं सोडून दारात उभा राहून बघत होता. हेडसरांनी विचारलं, "चार दिवस अडलेलं एकदम कसं जमलं?"

"या बाईले इचारा."

"त्या तर चौथी शिकलेल्या."

"वय नका इचारू म्हंतो मी, त्यात शाळा बी आली सर."

मी पदर तोंडाशी धरला, पण हसू आवरलं नाही.

निघताना लुनाला पायडल मारत ते म्हणाले, "मी वापस आलो तं समजजा, काम बिघडलं."

त्या खोलीत पहिल्या रांगेत माझी थोरली बसली. मशीनी चालत राहिल्या, त्यामुळे ते कधी आले नाहीत. त्यांनी यावं असं फार वाटायचं, पण मशीन बिघडावी असं एकदाही वाटलं नाही. पुढे ते गेल्याचं बाजारात कळलं. दुसऱ्या दिवशी मुली यायच्या आधी मी खोली उघडली, पहिली मशीन लावली आणि समोर उभी राहून मोजलं.

चार आले, भाऊ.