सोळा टप्प्यांचे सात

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात फ्लास्क होता आणि रिअ‍ॅक्शन अर्धवट होती. ती पुरी करूनच मी निघालो. अर्ध्यावर टाकून आलो असतो तर बाईंनी मला दारातूनच परत पाठवलं असतं... शैलजा सोनवणे, माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. त्याला आता सहा आठवडे होतील.

बाईंचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. पोतं जितक्या वेळा खाली ठेवाल तितक्या वेळा थोडे दाणे सांडतात, हे त्या लहानपणीच शिकल्या आणि रसायनशास्त्रातही त्यांनी तेच लावून धरलं. मोठा रेणू लहान तुकडे जोडत टप्प्याटप्प्याने बांधायचा असतो. प्रत्येक टप्प्याला आम्ही माल बाहेर काढायचो, शुद्ध करायचो आणि दर खेपेला थोडा गमवायचो. माझ्या औषधी रेणूचे टप्पे होते सोळा. शेवटी हाती यायची चिमूटभर भुकटी. आराखडा बघून बाई म्हणाल्या, "अहो जाधव, कात्रजला जायचंय ना? मग पार दुसऱ्या टोकाच्या खराडीवरून कशाला चाललाय?" आणि पेन्सिलीने सहा टप्पे तिथल्या तिथे खोडले.

खराडी तर आमचं गावच. शेतं जाऊन तिथे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती आणि वडील रोज ऐकवायचे, "दारात कंपनी हाय, आन् तू बाटल्या हलवत बसलाय." एका कंपनीचं नेमणूकपत्रही आलं. मी बाईंना सांगितलं, सोडतो. महिनाभर थांबा, एवढंच त्या म्हणाल्या. आणि नवल म्हणजे वडिलांनीही त्याला हरकत घेतली नाही.

त्या महिन्यात बाईंनी शेवटचे चार टप्पे एकाच फ्लास्कमध्ये, मधे काहीही बाहेर न काढता करायचं ठरवलं. फसलं असतं तर माझी सात महिन्यांची मेहनत एका दिवसात मातीमोल झाली असती, आणि मी नोकरीवर हजर. दुसऱ्या टप्प्यानंतर द्रावण काळंकुट्ट झालं. माझा धीर सुटला, मी ते बाहेर काढायला निघालो. "पोतं खाली ठेवू नका," बाई म्हणाल्या. मी पुढचं रसायन घातलं... दुपारी चारला, गाळून बर्फात ठेवलेल्या द्रावणातून पांढरेशुभ्र स्फटिक खाली बसू लागले. आधीच्या कितीतरी पट! मी ओरडलो, अख्खा मजला गोळा झाला. "जमलं म्हणायचं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळल्या. सहा आधीच खोडलेले, आता चारांचा एक; सोळाचे सात झाले होते. ते औषध आज त्याच वाटेने बनतं, आणि मला त्याचा आजही तेवढाच अभिमान वाटतो.

शोकसभेला माझे म्हातारे वडील आले होते. कुणी न बोलावता ते उठले. "बाई आमच्या घरी आल्या व्हत्या," ते म्हणाले. "म्हणल्या, पोरगं महिनाभर द्या. नाय जमलं तर मी सोता त्याला कंपनीच्या दारात सोडते." हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. मी भर सभेत रडलो.

विभागातल्या बाईंच्या खोलीत आता मार्गदर्शक म्हणून मी बसतो. परवा एक विद्यार्थिनी आली. काम अडलंय, घरचे लग्नाची घाई करतायत, सोडते म्हणाली. मी तिला महिनाभर थांबायला सांगितलं, आणि तिच्या घरचा पत्ता लिहून घेतला.