सोमवारी सांगितलेला शेवट

आमच्या शाळेत सोमवारची मधली सुट्टी ही पिक्चरची सुट्टी होती. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर जो सिनेमा लागायचा, त्याचा निकाल सोमवारी स्टाफरूममध्ये लागायचा. शाळा नागपूरच्या धरमपेठेत, मुलींची. बाया सगळ्या चांगल्या घरच्या. मी एकटी सक्करदऱ्याहून सायकलनं यायची.

तिथं प्रत्येकीचं मत ठरलेलं असे. शिवणाच्या बाईंना फक्त ब्लाउज दिसायचे. हिरोचा बाप मेला तरी त्या विचारायच्या, त्या बहिणीच्या बाह्यांना झालर होती का हो? विज्ञानाच्या बाई हिशेबी. विहिरीत पडलेल्या बाईचं पातळ पुढच्या सीनला कोरडं कसं, हा त्यांचा प्रश्न. आणि शेवटचा शब्द पुण्याच्या बाईंचा. त्यांचं माहेर पुण्याचं. लग्न होऊन नागपूरला येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण गाडीतून आत्ताच उतरल्यासारखं त्या बोलायच्या. तोंडावर मी त्यांना अहोजाहो करायची आणि मनात अगं-तुगं. इथं लिहिताना मनातलंच लिहिते.

ती 'पिक्चर' म्हणायची नाही, 'चित्रपट' म्हणायची. चित्रपट 'पाहण्यासारखा' आहे की 'सहन करण्यासारखा' आहे, हे ती डबा उघडता उघडता सांगायची आणि मग बाकीच्यांची मतं वळायची. शिवणाच्या बाई आधी म्हणायच्या, मला तर बाई फार आवडला. तिनं मान हलवली की म्हणायच्या, तसा मध्ये मध्ये कंटाळा आला म्हणा.

आमच्याकडे टीव्ही नवीनच आला होता. रविवारी दुपारपासून घरात गडबड. आमचे हे गच्चीवर अँटिना धरून उभे, मी खिडकीतून ओरडायची, "आलं, आलं, आता हलवू नका." त्यांनी हात सोडला की पडद्यावर मुंग्या. शेजारच्या बाया सतरंजीवर. पिक्चर चालू असताना आम्ही गप्प बसत नव्हतो. "ह्या पोराचे लक्षण काही बरे दिसून नाही राहिले वं," असं कोणी म्हटलं की दुसरी म्हणे, "थांब न, आता त्याची माय येते." मत देण्यासाठी आम्हाला सोमवारची वाट पाहावी लागत नव्हती. तरी सोमवारची वाट मी पाहायची, हे खरं आहे. मी रामटेककडच्या धानाच्या गावची. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि एम.ए. केलं ते मराठीत. जिथं चार शिकलेल्या बाया एखाद्या गोष्टीवर बोलतात तिथं माझंही मत असावं, असं मला वाटायचं. त्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

एका सोमवारी मी बोलले. आदल्या दिवशीच्या पिक्चरमध्ये नवऱ्यानं घरातून काढलेली हिरोईन देवळाच्या पायऱ्यांवर बसते, आणि तेवढ्यात दिग्दर्शकानं मागे एक लांबलचक गाणं घातलं होतं. मला ते खटकलं होतं. मी म्हटलं, "ती तिथं बसून रडून राहिली, अन् ह्यांचं गाणंच संपून नाही राहिलं. रडणाऱ्या माणसाला थोडं एकटं सोडावं की नाही?"

मत बरं होतं. पण ते कोणी ऐकलंच नाही. पुण्याच्या बाईनं हातातला घास खाली ठेवला.

"रडून राहिली?" ती म्हणाली. "रडून झाल्यावर राहिली कुठे? पायरीवरच?"

सगळ्या हसल्या. विज्ञानाच्या बाईसुद्धा, आणि त्या तर नागपूरच्याच, इतवारीत जन्मलेल्या, घरी असंच बोलणाऱ्या.

मी शाळेत प्रमाण मराठी बोलायची. वर्गात तर एक शब्द इकडचा तिकडे जात नव्हता. पण पिक्चरवर बोलताना माणूस घरच्यासारखं बोलतो. त्या एका वाक्यावर ती पुढं कितीतरी महिने जगली. मी वह्या तपासत असले की, "काय, तपासून राहिलात?" चहा आला की, "ह्या पिऊन राहिल्या, आता आपणही पिऊ." मी हसून घ्यायची. घरी आल्यावर यांच्यासमोर चरफडायची. हे म्हणायचे, "काहून एवढं मनाले लावून घेतं वं? थट्टा करते ते." थट्टा कोणती आणि चापट कोणती हे बाईला कळतं. पुरुषाला समजवायला वेळ लागतो.

ती थट्टा नव्हतीच, हे जूनमध्ये कळलं. दहावीला मराठी शिकवणाऱ्या बाई त्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. शाळेत मराठी घेऊन एम.ए. झालेली मी एकटी. दहावी मलाच मिळणार हे शिपायालाही माहीत होतं. सुट्टीत गावी गेले तेव्हा बाबांना मी सांगूनही टाकलं. आमच्या गावात मॅट्रिकच्या खाली जे काही शिकवतात त्याला शिकवणं म्हणत नव्हते. बाबा पारावर जाऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "माही पोरगी आता मॅट्रिकच्या पोरींले शिकवते."

शाळा उघडली आणि वेळापत्रकात दहावीचं मराठी पुण्याच्या बाईकडे. तिचं बी.ए. इतिहासाचं.

मी मोठ्या बाईंकडे गेले. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. बाई वर्ध्याकडच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि सरळ सांगून टाकलं.

"तुमच्या भाषेबद्दल माझ्या कानावर आलं आहे."

"काय आलं?"

"की तुम्हाला काळ नीट सांभाळता येत नाही. ज्या बाईला चालू काळ आणि भूतकाळ वेगळा करता येत नाही, तिच्या हाती बोर्डाच्या मुली कशा द्यायच्या, असं म्हणणं आहे. बोर्डाचं वर्ष आहे. मला जोखीम नको."

कोणाचं म्हणणं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. बाहेर येऊन मी सायकलची किल्ली शोधत होते, ती माझ्या हातातच होती. गावी काय सांगायचं हा विचार डोक्यात होता. मी काहीच सांगितलं नाही. बाबा दिवाळीला म्हणाले, "मॅट्रिकच्या पोरी ऐकतात का वं तुह्यं?" मी म्हटलं, "ऐकतात न." त्या खोट्या उत्तराचा हिशेबही मी पुण्याच्या बाईच्याच नावावर लिहिला.

त्यानंतर मी सोमवारी बोलणं सोडलं. ऐकत मात्र होते. ती कुठं चुकते ते पाहत होते. माणूस रोज बोलतो तर रोज नाही, पण कधीतरी चुकतोच.

दिवाळीनंतरचा एक सोमवार. सकाळी प्रार्थनेआधी विज्ञानाच्या बाई वैतागून आल्या. त्यांचं घर आणि पुण्याच्या बाईचं घर धरमपेठेत एकाच गल्लीत.

"पिक्चरमधल्या बातम्या संपल्या न् थोड्या वेळात लाईन गेली," त्या म्हणाल्या. "आख्खी गल्ली अंधारात. हिरोला गोळी लागली तिथंच बंद. आली तेव्हा जेवणं आटोपली होती. सक्करदऱ्याले होती का वं लाईन?"

"होती," मी म्हटलं. "पुरा पाहिला."

"मग काय झालं?"

"सुट्टीत सांगते," मी म्हटलं, कारण घंटा होत होती. पण खरं कारण दुसरं होतं. मला एकदम समजलं होतं की शेवट पुण्याच्या बाईनंही पाहिलेला नाही. आणि तिचा स्वभाव मला माहीत होता. तिच्याकडून 'मी पाहिला नाही' हे वाक्य निघणार नव्हतं.

मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेत अडकल्या. माझं नशीब. पुण्याची बाई माझ्याशेजारची खुर्ची ओढून बसली. एरवी ती माझ्याशेजारी बसायची नाही.

"शेवट जरा घाईचा वाटला मला," ती म्हणाली. "तुम्हाला?"

"घाईचा कुठं? गोळी लागल्यावर किती वेळ दाखवलं."

"हो, दाखवलं खरं. पण म्हणजे, तुमच्या मनावर नेमकं काय ठसलं?"

मी डब्याचं झाकण लावलं. पुढचं वाक्य मी विचार करून बोलले, हे इथं स्वच्छ लिहून ठेवते. तोंडातून निसटलं वगैरे काही नाही.

"दवाखान्यातलं," मी म्हटलं. "हिरो खाटेवर मरून राहिला. माय उशाशी बसून राहिली. डॉक्टर मान हलवून राहिला. अन् हिरोईन तिकडून धावत येऊन राहिली."

आणि मी थांबले.

त्या दिवशी ती 'राहिला'वर हसली नाही. तिला मजकूर हवा होता, तो मिळाला. "हं," म्हणाली, "तेच. तेच म्हणायचं होतं मला." पुढं काय झालं हे तिनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि ते ती उघडणार नव्हती.

सोमवारी मोठ्या बाई स्टाफरूममध्येच चहा घ्यायच्या. कमी बोलणारी बाई, पण पिक्चरची भारी शौकीन. रविवारी त्यांच्या घरी पाहुणा आला तरी त्याला गप्प बसावं लागे. त्या आल्या, कप हातात घेतला आणि पुण्याच्या बाईकडे पाहिलं. रिवाजच होता तसा.

पुण्याची बाई उभी राहिली नाही एवढंच. बाकी सगळं भाषणासारखं.

"मला विचाराल तर पाहण्यासारखा होता. शेवटामुळे. नायकाला मारायचं धैर्य आपल्याकडे कोण दाखवतं? आईचं ते मूक बसणं, आणि नायिका पोचेपर्यंत सगळं संपलेलं. शोकांतिका अशीच हवी. लोकांना खूश करण्यासाठी लग्न लावून देणं फार सोपं असतं."

मोठ्या बाईंनी कप बशीत ठेवला.

"कोणाला मारलं?"

"नायकाला."

"कोणत्या पिक्चरबद्दल बोलून राहिल्या तुम्ही?"

"कालच्याच."

"काल तर तो वाचला. हिरोईन आली, त्यानं डोळे उघडले. मग लग्नच लागलं त्यांचं. केवढं मोठं दाखवलं, हत्ती होता वरातीत."

"पांढरी शेरवानी," शिवणाच्या बाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

पुण्याच्या बाईचा चेहरा कसा झाला ते मी डोळे भरून पाहिलं. आधी कान लाल झाले. मग तिनं बोट माझ्याकडे केलं.

"ह्यांनीच सांगितलं मला तो मेला म्हणून."

"सांगितलं म्हणजे?" मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही पाहिला नाही?"

"आमच्याकडे लाईट गेले होते हो."

"मग तसं म्हणायचं. एवढं सगळं कशाला?"

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. आता सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि मी किती महिन्यांपासून ह्या वळणावर येऊन उभी होते. मी एकेक शब्द स्वच्छ बोलले, वर्गात बोलते तसा.

"मेला असं मी म्हटलंच नाही, बाई. मरून राहिला म्हटलं. आमच्याकडे हा अपूर्ण वर्तमानकाळ आहे. क्रिया चालू आहे, पुरी झालेली नाही. तुमच्या भाषेत 'मरत आहे'. 'मेला' हा भूतकाळ. दोन्हींत एका जिवाचा फरक आहे. एवढी वर्षं ह्या गावात राहून राहिल्या तुम्ही, आणि काळ ओळखता येत नाही?"

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. 'काळ' हा शब्द त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकला होता ते त्यांना आठवलं असणार. त्यांनी चहा संपवला आणि गेल्या.

प्रयोगशाळेतून आलेल्या विज्ञानाच्या बाईंना शिवणाच्या बाईंनी सगळं सांगितलं. शाळा सुटल्यावर त्या माझ्या सायकलपाशी आल्या.

"ज्यादाच झालं वं," त्या म्हणाल्या. "मोठ्या बाईंसमोर नाही बोलायचं होतं."

"माझ्याबद्दल ती जे बोलली ते कोणासमोर बोलली होती?"

माझ्या 'रडून राहिली'वर त्याही हसल्या होत्या, तेही मी विसरले नव्हते. सूड घेतल्यावर मन रितं होतं म्हणतात. माझं काही झालं नाही. मी घरी गेले, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि यांना सगळं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिचा आवाजही काढून दाखवला. हे म्हणाले, "तुह्याशी वैर नाही करायचं गड्या." मला ते शाबासकीसारखं वाटलं.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी बोलावलं. "धडे-कविता त्यांच्याकडे राहू द्या," त्या म्हणाल्या. "दहावीचं व्याकरण उद्यापासून तुम्ही घ्या. आणि ह्याची स्टाफरूममध्ये चर्चा नको."

"नाही करणार," मी म्हटलं. करायची गरजही नव्हती.

पूर्ण विषय मिळाला नाही, व्याकरणच मिळालं. पण दहावीचा फळा मिळाला. बाबांना मी काही नवीन सांगितलं नाही. ते पारावर जे सांगत होते ते आता खरं झालं होतं, तेवढं पुरे.

दहावीच्या शेजारी आठवीचा वर्ग, मध्ये लाकडी पार्टिशन. माझ्या पहिल्या तासाला पलीकडे पुण्याच्या बाईचा इतिहास होता. क्रम सोडून मी काळ शिकवायला घेतले. मुली म्हणाल्या, बाई, हे तर झालं आमचं. मी म्हटलं, नीट झालेलं नाही, पुन्हा करू. फळ्यावर वाक्यं लिहिली आणि एकेक काळ मोठ्यानं म्हणवून घेतला, सगळ्या वर्गाकडून, एका सुरात. पलीकडचा आवाज मध्येच बंद पडला. मी मुलींना म्हटलं, अजून मोठ्यानं.