वाळूच्या फाट्यावरचा सांधेवाला

माझ्या वडिलांचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि त्यांना पगार त्याचाच मिळायचा. थट्टा नाही करत, त्यांचं कामच तसं होतं.

डोंगरातल्या त्या स्टेशनावर कुणी उतरत नसे, कुणी चढत नसे. आसपास गाव नाही, दुकान नाही, धड रस्ता नाही. दोन खोल्या, एक बाक, पाण्याची टाकी आणि रूळ बदलायचा लोखंडी दांडा, संपलं स्टेशन. फार पूर्वी, लाइन नवी असताना, उतारावर एका गाडीचे ब्रेक गेले आणि ती थेट दरीत कोसळली. त्यानंतर हे स्टेशन बांधलं. तिथून रुळांचा एक फाटा उलटा चढावर नेला आणि त्याच्या टोकाला वाळूचा ढीग रचला. रूळ जिथे वळतात तो सांधा कायम त्या फाट्याकडेच लावलेला. वरून येणाऱ्या प्रत्येक गाडीने पांढऱ्या खांबापाशी पूर्ण थांबायचं, शिट्टी द्यायची. मग सांधेवाल्याने, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाकं खरंच थांबलीत ना हे बघून दांडा ओढायचा आणि हिरवा बावटा दाखवायचा. गाडी थांबली नाही, तर तिचे ब्रेक गेले असं धरायचं आणि सरळ वाळूत जाऊ द्यायची.

एकतीस वर्षं बाबांनी रोज सहा गाड्यांवर संशय घेतला. ड्रायव्हर लोक त्यांना ‘आधी-थांब’ म्हणत. ही सवय घरातही शिरली. डॉक्टरने गोळ्या दिल्या तर पाकिटावरची तारीख दोनदा वाचायचे, मी शाळेतून आले की दप्तराआधी माझा चेहरा तपासायचे. मी एका ड्रायव्हरशी लग्न ठरवलं तेव्हा म्हणाले, “पोरगा वाईट नाही. खांबापाशी थांबतो, पण त्याच्या अगदी जिवावर येतं.”

“थांबतो ना? मग झालं तर,” मी फणकारले. लग्न केलं आणि वरच्या शेवटच्या स्टेशनाच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले.

तीन वर्षांनी एका सकाळी अकराची गाडी वाळूत गेली. ड्रायव्हर माझा नवरा.

कुणाला खरचटलंही नाही. पण हे म्हणाले, “मी थांबलो, शिट्टी दिली. तुझ्या बापाने हिरवा बावटा दाखवला आणि सांधा बदललाच नाही. मुद्दाम केलं त्यांनी.” बाबा म्हणाले, “गाडी थांबलीच नाही. मी लाल दाखवला.” चौकशी नवव्या दिवशी व्हायची ठरली. हे खोटे ठरले तर यांची नोकरी जाणार. बाबा खोटे ठरले तर निवृत्तीला दोन महिने उरले असताना नावही जाणार आणि पेन्शनही. निम्मे प्रवासी म्हणाले थांबली होती, निम्मे म्हणाले नव्हती, इतकी ती हळू आली होती. गार्डने तर कानांवर हात ठेवले. गाडी शाबूत दिसली म्हणून दुसऱ्या दिवशी तेच डबे पुन्हा धावायला लागले, फक्त ड्रायव्हर दुसरा. यांना चौकशीपर्यंत घरी बसवलं.

मी मात्र पुरती कात्रीत सापडले. आणि खरं सांगते, मला संशय आला तो बाबांचाच. लग्नापासून ते यांच्यावर खार खाऊन होते, हे मला माहीत नव्हतं का? इकडे हे जेवत नव्हते, माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, अपमान जिव्हारी लागलाय. तिसऱ्या दिवशी मी बाबांना फोन केला आणि स्पष्टच विचारलं, “राग काढलात का तुम्ही?”

“दिसलं ते सांगितलं,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. एरवी माझ्यावर डाफरले असते. ते डाफरले नाहीत म्हणून माझा संशय आणखीच पक्का झाला.

आठव्या दिवशी आमच्या सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन बाबांकडे जायचं ठरवलं. समोरासमोर एकदाचा सोक्षमोक्ष लावू म्हटलं. मी पिशवी भरत होते तर हे म्हणाले, “अकराच्या गाडीने नको जाऊस. बसने खाली शहरात जा आणि वर येणाऱ्या गाडीने त्यांच्याकडे जा.”

गाडीने बाबांचं स्टेशन पाऊण तासावर. बस डोंगराला वळसा घालून पाच तास घेते.

“का म्हणून?”

“बाळाला गर्दीचा त्रास होईल.”

त्या गाडीला सगळी मिळून पंधरा-वीस माणसं असतात. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तशीच निघाले आणि गाडीच्या शेवटच्या डब्यात बाळाला मांडीवर घेऊन बसले. हे चपला न घालताच धावत आले.

“उतर खाली.”

“कशासाठी? गाडीत काही बिघाड आहे का?”

“उतर म्हणतो ना.”

“तुम्ही थांबला होतात ना त्या दिवशी? मग ब्रेक चांगलेच असणार. आम्ही बसतो.”

दाराची दांडी धरून हे उभे राहिले. चेहरा पांढराफटक. मग खालच्या आवाजात बोलले. त्या दिवशी ब्रेकने धरलं नव्हतं. निघण्याआधी एकेका डब्याचे ब्रेक तपासायचे असतात. यांनी आणि गार्डने न तपासताच सह्या ठोकल्या होत्या.

“आणि आठ दिवस लोकांची पोरं बसली या डब्यात, ती?” मी कडाडले.

हे तडक स्टेशनमास्तरकडे गेले. मास्तरांनी सगळ्या डब्यांचे ब्रेक तपासून घेतले. शेवटच्या डब्याचे कधी धरत होते, कधी नाही. तो डबा गाडीपासून सोडवून बाजूला ठेवला. यांनी जे घडलं ते लिहून दिलं आणि खाली सही केली. मी पुढच्या डब्यात जाऊन बसले.

बाबांच्या स्टेशनावर उतरून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना पटेना.

“मला बरं वाटावं म्हणून सांगतेस.”

“डबे मोजा. एक कमी आहे.”

त्यांनी मोजले. दोनदा मोजले. गाडीला वाट करून दिली, मग बाकावर बसून खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. चौकशीत द्यायला लिहिलेला जबाब होता. ‘गाडी हलताना मला दिसली. पण ड्रायव्हर माझा जावई आहे आणि माझा त्याच्यावर आधीपासून राग आहे. रागापोटी मला तसं दिसलं असेल. माझ्या डोळ्यांवर आता माझा भरवसा नाही. माझी चूक धरावी.’

खाली तारीख होती मी फोन केला त्या दिवसाची.

“बाबा, हे काय लिहून बसलात?”

“मला दिसलं होतं गं नीट,” ते बाळाकडे बघत म्हणाले. “पण म्हटलं, माझ्या पोरीलाच खरं वाटत नाहीये, म्हणजे मीच चुकलो असणार.”